दोन अंगणांमधला बेशरम

मी बेशरम बोलतोय. शिवी नाही हो, नावच आहे माझं. नागपूरपासून रायपूरपर्यंत कुणालाही विचारा, नाल्याच्या काठी जांभळट गुलाबी फुलांचं झुडूप दिसलं की लोक म्हणतात, हा बेशरम. कुठूनही तोडा, कुठेही खोचा, मी उगवतो. खत मागत नाही, कौतुकही मागत नाही. माझं पान विषारी, म्हणून शेळीसुद्धा तोंड लावत नाही. असा मी एका घराचं कुंपण होऊन वीस वर्षं उभा होतो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गोंदियाकडचे तुळशीराम इथे रेल्वेत फिटर होते. शहराबाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना लागून त्यांनी प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. मग कुंपण कशाचं घालायचं यावर नवराबायकोचं आठ दिवस चाललं. तुळशीरामांना काटेरी तार हवी होती.

"तारेत पदर अडकते," कांताबाई म्हणाल्या. "अन् तारेच्या पल्याड उभं राहून कोण आपल्याशी बोलन?"

शेवटी दोघांनी नाल्यावरून माझ्या फांद्या तोडून आणल्या आणि चारी बाजूंनी रोवल्या. महिनाभरात मला पानं फुटली. सकाळी धुकं बांध्यांवरून सरकत यायचं, माझ्यात अडकायचं, आणि उन्हं वर आली की निघून जायचं. त्या दिवसांत मला वाटायचं, मी कुंपण नाही, कुणाच्या तरी झोपेची कड आहे.

मागच्या बाजूला मात्र मी कधी दाट झालोच नाही. तिथे पाठीला पाठ लावून दुसरं घर होतं, आणि त्या घरात एक छत्तीसगढी बाई राहायची. आधी विस्तव मागायला आली, मग भाजी द्यायला, मग नुसतीच. मी दोनदा कोंब फेकून ती जागा भरू पाहिली. दोन्ही वेळा साड्यांनी माझे कोंब मोडले. म्हटलं, जाऊ द्या, बायकांशी कोण वाद घालणार.

राखीच्या दुसऱ्या दिवशी इथे भोजली असते. टोपलीत अंधारात वाढवलेले गव्हाचे पिवळे अंकुर तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जित करतात, आणि त्यातले थोडे मैत्रिणीच्या कानावर खोचतात. त्या बाईने एका वर्षी ते कांताबाईंच्या कानावर खोचले. झालं, दोघी एकमेकींच्या भोजली झाल्या. एकदा भोजली झालं की जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नसतं, भोजली म्हणूनच हाक मारायची. रोज सकाळी पलीकडून आवाज यायचा, "सीताराम भोजली." इकडून कांताबाई म्हणायच्या, "जयभीम भोजली." मग दोघी माझ्या सावलीत बसायच्या आणि चहा गार करायच्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. या दोन घरांची फाटकं दोन वेगळ्या गल्ल्यांत होती. रस्त्याने जायचं तर नाल्याला वळसा घालून पाऊण कोस. पण रस्त्याने जाईल कोण? वीस वर्षांत कांताबाईंनी भोजलीचं घर समोरून पाहिलंच नव्हतं.

तुळशीराम गेले. मुलगा संघर्ष सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात लागला. बांध्यांच्या जागी घरं उठली, घरांभोवती भिंती उठल्या. एकदा माझ्या मुळांत धामण निघाली. बिचारी उंदरांमागे आली होती, पण संघर्षने घराची दारं लावून घेतली.

"आई, किती दिवस हे जंगल ठेवायचं?" तो म्हणाला.

मग कुंपणवाले येऊ लागले. एकाने जाळीचं चित्र दाखवलं, एकाने सिमेंटच्या तयार फळ्यांचं, एकाने टोकदार सळ्यांचं. सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. संघर्षने दहादा हिशेब मांडून विटांची भिंत ठरवली आणि आईला विचारलं.

"तुले बरं वाटन ते कर बाप्पा," कांताबाई म्हणाल्या.

इथेच घोळ झाला. त्यांना वाटलं, मागे वाट तर राहीलच, ती काय सांगायची गोष्ट आहे? संघर्षला वाटलं, भोजलीमावशीकडे आई रस्त्याने जाईल. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

मला मुळापासून तोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. भिंत पहिल्या दिवशी गुडघ्याएवढी झाली, तेव्हा दोघी तिच्यावर हात टेकून बोलल्या. दुसऱ्या दिवशी खांद्याएवढी झाली, भोजलीने त्यावरून बोरांची वाटी दिली. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा हलताना दिसला. चौथ्या दिवशी नुसता आवाज राहिला.

माझ्या फांद्या मजुरांनी मागच्या, भोजलीच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, नाल्यात फेकल्या. तिथे मी पुन्हा उगवलो. भिंतीच्या पायथ्याशीही माझी एक मुळी जिवंत राहिली होती. आमचं असंच असतं, तोडलेलं आणि उरलेलं दोन्ही मीच. त्यामुळे मी दोन्हीकडचं ऐकत होतो, अर्धवट झोपेत ऐकावं तसं.

महिनाभर भिंतीवरून सीताराम आणि जयभीम चाललं. मग एक दिवस पलीकडून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कांताबाई विटांना कान लावून उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी चपला घातल्या आणि एकट्याच निघाल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दुपारची वेळ.

त्या माझ्या नाल्याच्या कोपऱ्यावर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. समोर एकसारख्या उंच भिंती, एकसारखी लोखंडी फाटकं. परसातली विहीर, पपईचं झाड, पडवीचा खांब यावरून त्या ते घर ओळखत. समोरून त्यातलं काहीच दिसेना.

एका फाटकातून एका बाईने डोकावून विचारलं, "किसके घर जाना है, अम्मा?"

"भोजलीकडे."

"नाम क्या है उनका?"

नाव कांताबाईंनी कधी घेतलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ते मनातूनही निघून गेलं होतं. बाई थोडी थांबली आणि फाटक लावून आत गेली. कांताबाईंनी तोल सावरायला माझी फांदी धरली आणि तिथेच काठावर बसल्या. मला त्यांना सांगायचं होतं, डावीकडून चौथं घर. पण बेशरमाला तोंड कुठे असतं.

तासाभराने संघर्ष शोधत आला. गाडी लावायचंही त्याला भान नव्हतं.

"आई, काहून अशी निघून आली वं? मी सगळीकडे शोधून राहिलो."

"मले सांग, भोजलीचं नाव काय हाय?"

संघर्षही लहानपणापासून मावशीच म्हणत आला होता, आणि तिच्या घरी कायम मागूनच गेला होता.

"मेली असन तं कोणाच्या नावानं रडू मी?" कांताबाई म्हणाल्या.

त्याने आईला घरी नेलं, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि मागच्या भिंतीवर घाव घालू लागला. स्वतः पसंत केलेल्या विटा होत्या, चांगल्या पक्क्या. मी खाली मुळाशी होतो, प्रत्येक घाव मला लागत होता आणि मला बरं वाटत होतं. माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं, तेव्हा कांताबाई त्याला बाजूला सारून आत शिरल्या.

भोजली समोरच्या खोलीत खाटेवर होती, पायाला प्लास्टर. सून दिवसभर नोकरीला. सुनेला वाटलं होतं, भिंत बांधली म्हणजे या दोघींचं बिनसलं, म्हणून तिने निरोप दिला नव्हता.

"मंय रोज हांक पारत रहेंव, भोजली," खाटेवरची भोजली म्हणाली. रोज तिथूनच हाक मारत होती ती.

"मले ऐकू नाही आलं वं," कांताबाई म्हणाल्या. मग दोघी रडल्या, आणि चहा ठेवला गेला.

आता त्या भगदाडाला संघर्षने चौकट बसवली आहे. दार लावलेलं नाही. मी इकडे नाल्यावर आहे, परवा सफाईचं मशीन येणार असं लोक बोलताना ऐकलं. येऊ दे, मला सवय आहे. तुम्ही मात्र घराला कुंपण निवडाल तेव्हा उंची आणि मजबुती पाहण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, बाई, तू रोज कुठून जातेस? आणि ती "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाली, तर पुन्हा विचारा.

त्या संध्याकाळी कांताबाईंनी मुलाला जवळ बोलावून सांगितलं होतं, "तू त्या गल्लीत जाय, तिच्या सुनेले नाव विचारून ये. मले सांगू नको. तूच ध्यानात ठेव."

तो माझ्या समोरूनच गेला. चौथ्या फाटकापाशी उभा राहून त्याने विचारलं, आणि परत येताना ते नाव पुटपुटत आला, पाठ व्हावं म्हणून. मी ते ऐकलं. तुम्हाला सांगणार नाही.