कोरडी टाकी

मोरी आतून साफ आहे असं धरायचं. या धंद्यात सगळे तसंच धरतात. रस्त्याखालची कुठलीही मोरी घ्या, आत अर्ध्यापर्यंत गाळ, गाळावर फाटकी गादी, गादीवर मेलेलं कुत्रं. पण ऑफिसात हिशेबाला बसलं की पाइप चकाचक, जणू काल सकाळीच बसवलाय. तसं धरलं की पावसाचं पाणी त्यात मावतं. पाणी मावलं की इमारतीला परवानगी मिळते. परवानगी मिळाली की सगळ्यांच्या चुली पेटतात. ज्यांच्या चुलीत पाणी शिरतं, ते सोडून.

धाकटीनं तसं धरलं नाही. गमबूट चढवून ती मोरीच्या तोंडाशी वाकली आणि उंची मोजायची लाल-पांढरी पट्टी आत खुपसली. पट्टी गाळात रुतली ती निघेना.

"काय इंजिनियरीणबाई, मासे लागले का?" मागून दाजी ओरडले. हातात रंधा, मिशीला लाकडाचा भुसा.

"मासे नाहीत, तुमचा कापूस लागतोय. खालपासून वरपर्यंत."

"आमचा कापूस एवढा स्वस्त नाही हो नाल्यात टाकायला!"

दाजींचं आणि ताईचं दुकान मोरीच्या अलीकडे, नाल्याला लागून असलेल्या गल्लीत. सोफे भरायचं दुकान. दाजी सांगाडे करायचे, ताई फोम कापून कापड चढवायची. पुढं दुकान, मागं घर, सगळं तळमजल्यावर. गल्ली रस्त्यापेक्षा खाली. मोरी तुंबली की पाणी मागं फुगतं आणि गल्लीत येतं. आजवर ते पायरीपर्यंत येऊन परत जायचं, कारण गल्लीच्या वरच्या अंगाला मोठं मोकळं मैदान होतं. मैदान पाणी प्यायचं. गवत, भुसभुशीत माती, दोन-चार खड्डे. फुकटात काम करायचं बिचारं.

आता त्या मैदानावर व्यापारी संकुल यायचं होतं. खाली पार्किंग, वर दुकानं, बाकी सगळीकडे फरशी. फरशी काही पाणी पीत नाही. मैदानावरून आधी किती पाणी वाहायचं, नंतर किती वाहील आणि खालची मोरी ते झेलेल का, याचा अहवाल करायचं काम धाकटीच्या ऑफिसला मिळालं होतं. आणि त्याच सुमारास एक दलाल गल्लीत दारोदार फिरून घरं विकत मागत होता. ताईच्या दारात तो तीनदा येऊन गेला.

"चिमे," ताई त्या दिवशी म्हणाली, धाकटीला ती अजून चिमीच म्हणायची. "दलालाला काय सांगू? विकू का राहू? पाणी मोजायचं काम तुझं. तू सांगशील ते."

"मोजू दे आधी."

"मोज बाई. पण खरं मोज."

ऑफिसातले सर 'होऊन जाईल' या एका वाक्यावर जगणारे गृहस्थ. त्यामुळे पोरांनी त्यांचं नावच होऊनजाईल ठेवलं होतं. त्यांनी धाकटीचा हिशेब वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"मोरी अर्धी बुजलेली का धरलीस?"

"कारण ती अर्धी बुजलेली आहे सर."

"अगं, साफ ठेवणं पालिकेचं काम. आपण साफ धरायची. सगळे धरतात."

"पाणी धरत नाही ना पण. ते आहे तेवढ्याच जागेतून जातं."

"भाषणं नकोत. असा अहवाल गेला तर संकुल नापास. मग त्यांना दुसरा कोणी पास करून देईल, आपण बसू बोंबलत. काहीतरी मार्ग काढ. होऊन जाईल."

हे खरं होतं आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर समोरच्या इमारतीतल्या ऑफिसनं मोरी साफ धरली असती आणि मामला संपला असता. म्हणून तिनं मार्ग काढला. संकुलाच्या तळघरात एक टाकी. पाऊस ऐन भरात असताना छपराचं आणि फरशीचं पाणी नाल्यात सोडायचंच नाही, टाकीत थांबवायचं. पाऊस ओसरला, नाला उतरला, की पंपानं हळूहळू बाहेर काढायचं. मोरी अर्धी बुजलेली असली तरी गल्ली कोरडी राहील एवढी मोठी टाकी. मोरीतला गाळ काढावा असंही तिनं शेवटी लिहिलं, पण त्यावर विसंबायला ती दुधखुळी नव्हती.

टाकीचा नकाशा तिनं स्वतः काढला. अशी टाकी अधूनमधून साफ करावी लागते, नाहीतर तिच्यातच गाळ बसतो. साफ करायला माणसं आत उतरतात. माणसं आत आणि वरून अचानक पाऊस आला तर ती उंदरासारखी मरतील. म्हणून तिनं टाकीच्या तोंडाशी एक लोखंडी झडप दाखवली, चाक फिरवून बंद करायची. आणि झडप बंद असताना पाणी तळघरात तुंबू नये म्हणून बाजूनं एक पाइप, थेट नाल्यात जाणारा. सगळ्या बाजूंनी विचार केलेला नकाशा. कोणाचा जीव जाऊ नये म्हणून.

पालिकेतल्या साहेबांनी अहवाल डोक्यावर घेतला. "मोरी बुजलेली आहे असं लिहिणारं माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले आणि तिथल्या तिथं परवानगी दिली. इतका खरा अहवाल अडवायचा कशाला? होऊनजाईल सरांनी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

त्या संध्याकाळी धाकटी दुकानात गेली. ताई तोंडात खिळे धरून खुर्चीला कापड ठोकत होती. धाकटीनं टाकी समजावून सांगितली. ताईनं एकेक खिळा काढत ऐकलं.

"म्हणजे त्यांचं पाणी त्यांच्याकडेच राहणार."

"पाऊस असेपर्यंत."

"आणि आमच्याकडे?"

"आत्ता येतं तेवढंच. पायरीपर्यंत. वर नाही."

"लेखी आहे का?" दाजींनी विचारलं.

"मीच लिहिलंय."

"मग झालं तर," ताई म्हणाली. "हिच्या अक्षराला आमच्या बापानं कधी नावं ठेवली नाहीत, मी कोण ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी दलाल आला तेव्हा ताईनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. शेजारच्यांनी विचारलं, तर त्यांनाही सांगितलं, माझी बहीण इंजिनियर आहे, काही होत नाही. दोन घरं तिच्या शब्दावर थांबली. वर दाजींनी पुढची भिंत पाडून दुकान मोठं केलं. ताईनं फोमचे गठ्ठे एकदम भरून ठेवले, जमिनीपासून छतापर्यंत.

संकुल उभं राहिलं. टाकीही झाली. धाकटीनं जाऊन पाहिली, ठोकून पाहिली. नकाशाबरहुकूम. चाक फिरवलं, झडप लोण्यासारखी सरकली. खोटं कुठंच नव्हतं. तिला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामाचं बरं वाटलं, हे इथं सांगून ठेवायला हवं. कारण पुढं कधी वाटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी आभाळ फाटलं. ऑफिसच्या काचेतून समोरची इमारत दिसेना. धाकटी निर्धास्त होती. उलट, टाकी कशी भरत असेल ते जाऊन बघावं असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"चिमे," ताईचा आवाज शांत होता. "पाणी पायरीला लागलंय. तुझी ती टाकी कधी सुरू होते?"

"कधी म्हणजे? ती सुरूच असते ताई. आपोआप."

"बरं. मग थांबते."

"थांबू नकोस. सामान वर घे. मी येते."

"वर कुठं घेऊ गं? वर छप्पर आहे."

धाकटी गल्लीत गेली नाही. आधी संकुलात गेली. तळघराच्या उतारावरून भिजत धावली. पार्किंग कोरडं ठणठणीत. टाकीच्या तोंडाजवळ नवं दार बसवलेलं, दारावर दिवा, दिव्याखाली खुर्ची, खुर्चीत रखवालदार.

"टाकी उघडा."

"कसली टाकी? गोडाऊन आहे हे."

तिनं त्याला बाजूला सारून दार ढकललं. आत ट्यूबलाइट लखलखत होत्या. तिच्या टाकीत, तिनं मोजूनमापून आखलेल्या चार भिंतींत, सोफे रचले होते. तीन माणसांचे, दोन माणसांचे, एकट्याचे. प्रत्येकाला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. पहिल्या मजल्यावर फर्निचरचं मोठं दुकान उघडलं होतं, त्याचा माल. तयार सोफे, एकावर एक. टाकी वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहते. एवढी जागा रिकामी कोण ठेवतं?

भिंतीवर चाक होतं. झडप घट्ट बंद. चाकाला साखळी, साखळीला कुलूप. आणि भिंतीपलीकडे बाजूच्या पाइपमधून पाणी धो धो नाल्यात चाललं होतं. तिनंच काढलेल्या पाइपमधून. आवाज छातीत बसत होता.

"किल्ली द्या."

"किल्ली मॅनेजरकडे. आणि उघडायला वेड लागलंय का मॅडम? माल आहे आत."

"बाहेर माणसं आहेत!"

"ती मला दिसत नाहीत. माल दिसतो. त्याचा पगार घेतो."

मॅनेजर आला. टाय लावलेला, अदबशीर. म्हणाला, "झडप साफसफाईसाठी बंद ठेवायची सोय नकाशातच आहे. आम्ही नियमाबाहेर काही केलेलं नाही. तुम्ही बघा ना नकाशा." तो नकाशा कोणी काढला ते तिनं सांगितलं नाही. तिनं साखळी दोन्ही हातांनी ओढली. तळवे सोलले. मग रखवालदारानं तिला दंडाला धरून उतारावरून वर आणलं, तेही हळूच, चिडता चिडता, "तुमचं घर आहे का तिकडं?" असं विचारत.

गल्लीत पाणी मांडीपर्यंत होतं. दाजी टेबलावर उभे राहून सांगाडे आढ्याला टांगत होते. ताई मागच्या दारात शिडीवर बसली होती, मांडीवर शिवणयंत्र. फोमचे गठ्ठे पाण्यात तरंगले नाहीत. ते पाणी प्यायले आणि बसले.

पाणी उतरल्यावर तिघांनी मिळून एक मोठा सोफा बाहेर ओढला, गिऱ्हाइकाचा, चढवून तयार असलेला. तो उचलेना. एका टोकानं उचलला की दुसऱ्या टोकातून धार.

"बघ," ताई म्हणाली, "आपल्या टाकीपेक्षा हाच जास्त धरतो."

दाजी हसले. धाकटीला हसू आलं नाही.

रात्र होण्याआधी ताईनं विचारलं, "तुझं गणित चुकलं का?"

"नाही."

"मग बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

ताईनं मान डोलावली आणि ओला फोम पिळायला घेतला. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं तिचं तोंड म्हणत होतं. चुकलेलं माणूस सुधारतं तरी.

धाकटी पालिकेत गेली. तेच साहेब. "टाकी आहे ना जागेवर?" त्यांनी विचारलं. "आहे." "आकार बरोबर?" "बरोबर." "मग तक्रार काय?" तिनं सोफ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, माणूस पाठवतो. माणूस गेला तेव्हा आभाळ निरभ्र होतं, झडप उघडी होती आणि टाकीत एकही सोफा नव्हता. पुढच्या आठवड्यात सोफे पुन्हा होते. गाळाचं विचारलं तर रस्तेवाले म्हणाले नाला आमचा नाही, नालेवाले म्हणाले मोरी आमची नाही.

होऊनजाईल सरांनी तिच्या टेबलावर नवी फाइल टाकली. दुसरं मैदान, दुसरं संकुल, खाली दुसरी गल्ली. "तुझी ती टाकी सगळ्यांना आवडलीय," ते म्हणाले. "तोच नकाशा घे. होऊन जाईल."

तिनं नकाशा उघडला. झडपेवर पेन्सिल टेकवली. झडप ठेवली तर बंद होणार. काढली तर एक दिवस टाकी साफ करायला उतरलेली माणसं आत मरणार. मग झडप ठेवली. करणार काय?

ताईनं जागा दलालालाच दिली. आता तो पहिल्यासारखा आर्जवं करत नव्हता, खुर्चीत बसून वाट बघत होता. बाकीची दोन घरंही गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं धाकटीला रस्त्यात गाठलं, शिवी देईल असं वाटलं, पण त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

नवी खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. तीही तळमजल्यावर, कारण सोफे जिन्यावरून नेता येत नाहीत. बाजूला नाला होता म्हणे. धाकटीनं फोन केला, "ताई, आधी मी बघते. मोरी कुठं आहे, उतार कुठं आहे, सगळं बघून सांगते."

"नको गं," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दलालानं बघितलीय. तो म्हणाला, चांगली आहे."