नमुना एकेचाळीस

प्रयोगशाळेत तिला सगळे गोचिडबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. गोचिडी चावून जो मेंदूज्वर होतो, त्याच्या विषाणूचं कूळ शोधण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. एक जात शहराभोवतीच्या टेकड्यांवरची, दुसरी उत्तरेच्या जंगलातली. रुग्णाचा नमुना तपासला, की त्याला रोग कुठे लागला ते कळे.

नमुना एकेचाळीस तिच्या नवऱ्याचा होता.

त्याला जाऊन सात आठवडे झाले होते. घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने तपासायचा असतो. साहेबांनी तसं बजावलंही. पण गोचिडबाईच ती, चिकटली की सुटते थोडीच! नवरा जन्मात कधी उत्तरेकडे गेला नव्हता. तीच तिथून गोचिडी गोळा करून परतली होती. गवतावरून पांढरं कापड ओढलं की गोचिडी त्याला चिकटतात. ते कापड संस्थेतच उकळायचं, असा नियम. त्या दिवशी बॉयलर बंद होता, ती दमली होती, म्हणून पिशवी घरी आणली. ती झोपून उठेपर्यंत नवऱ्याने कापड धुऊन वाळतही घातलं होतं. दहा दिवसांनी आलेला ताप त्याने फ्लू म्हणून अंगावर काढला.

मुलगा दूरच्या गावी नोकरीला. बाप गेल्यापासून त्याचे फोन म्हणजे, "जेवलीस? बरं, ठेवतो." तो आपल्याला दोष देतो, हे तिने ओळखलं होतं. भिंतींना कान असतात म्हणे. तिच्या घरातल्या भिंती ठार बहिऱ्या होत्या.

दुपारी निकाल आला. उत्तरेची जात. तिने तो तीनदा पडताळला आणि जिन्यात जाऊन मुलाला फोन लावला.

"माझ्यामुळेच झालं रे. त्या कापडामुळेच. आता खात्री झाली."



"मला माहीत होतं," तो म्हणाला. "कापड धुतलं त्याच दिवशी बाबांचा फोन आला होता. मांडीला गोचीड चिकटली होती, काढून टाकली म्हणाले. हसत होते. म्हणाले, आईला सांगू नकोस, जंगलात जाणंच सोडून देईल ती."

"आणि ताप आला तेव्हा?"

"तेव्हाही मी नाही सांगितलं, आई."

तो हमसून हमसून रडू लागला. ती पायरीवर बसली. त्याला पोटाशी धरावं असं तिला फार वाटलं, पण हातात नुसता फोन होता.