इस्त्रीतले अभ्रक

वादळ आमच्या हिबारा गावावर न येता उत्तरेकडून निघून गेले, हे वर्तमान सर्वांस आनंददायक वाटले. आमच्या घरास मात्र नाही. माझा जावई युनिएर आपली लहानशी होडी घेऊन त्याच दिशेस गेला होता. आदल्या सायंकाळी तो परतावयास हवा होता, आणि आता दुपार कलली होती. बंदर कचेरीने शोधनौका सज्ज ठेवली होती. परंतु एवढ्या अफाट समुद्रात ती कोणीकडे धाडावी, हे कोणी सांगावे? युनिएरपाशी हातात धरावयाचा एक वायरलेस होता. त्याचा क्षीण आवाज पकडू शकेल असा उंच अँटेना गावात एकच, माझा शेजारी फ्लोरो याच्या गच्चीवरचा.

फ्लोरोचा स्वतःचा रिसीव्हर मागेच वीज पडून जळाला होता. म्हणून मी हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाकडून त्यांचा एकुलता एक रिसीव्हर मागून फ्लोरोच्या घरी आणला. तो केवळ ऐकतो, बोलत नाही. पण ऐकू आले तरी आम्हांस स्वर्ग होता.

अडचण निराळीच निघाली. अँटेनाच्या खांबावर आवाज वाढवणारे एक यंत्र आहे, आणि त्याचा बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह ज्या केबलमधून आवाज खाली येतो तिच्यातूनच वर जातो. प्रवाह तोडावा तर अँटेना बहिरा. न तोडता रिसीव्हर जोडावा तर त्याचे काळीज जळून खाक. तेव्हा मध्ये असा अडसर हवा होता, की जो बॅटरीचा प्रवाह अडवील आणि रेडिओच्या लहरीस वाट देईल. हे कार्य कपॅसिटर करतो.

फ्लोरोने एका मोडक्या रशियन टीव्हीतून एक कपॅसिटर उपटला आणि मीटर लावला. काटा सरकला, म्हणजे प्रवाह त्यातून आरपार जात होता.

"गळतोय," फ्लोरो म्हणाला. "इतकी वर्षं खारी हवा पिऊन बसलाय. माझ्यासारखाच."

"दुसरा काढ ना!"

"दुसरा असता तर तुझं थोबाड बघत बसलो असतो का, निकानोर?"

माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. मी दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होतो. माझी कन्या मायदेलिस एकाच टॉवेलची घडी करी, उलगडी, पुन्हा घडी करी.

"बाबा, बसा हो एका जागी. मला गरगरायला लागलंय."

"दोन पत्र्यांमध्ये अभ्रक घातलं की घरचा कपॅसिटर होतो," फ्लोरो डोके खाजवीत म्हणाला. "पण अभ्रक आणायचं कुठून? जुन्या इस्त्रीत असतं म्हणा..."

मायदेलिस उठून शेजारी घरी गेली आणि आमची इस्त्री घेऊन आली. गल्लीत चालू स्थितीत असलेली ती एकमेव इस्त्री होती. पोरांचे शाळेचे गणवेश घेऊन बाया आमच्या दारात नंबर लावीत.

"फोडा," ती म्हणाली.

"अगं, सगळी गल्ली शिव्या घालील!"

"घालू दे. चुरगळलेले कपडे घालून कोणी बुडत नाही, फ्लोरोकाका."

मी इस्त्री फोडली. आतून अभ्रकाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा निघाला. गावातली वीज गेलेली होती, म्हणून सोल्डरिंगची सळई निखाऱ्यांत तापवली. पेरूच्या वडीच्या रिकाम्या डब्यास दोन्ही बाजूंनी सॉकेट बसवले. त्यांची बाहेरची अंगे डब्यास जोडली, आणि मधल्या तारांस तांब्याची एकेक पट्टी लावून दोहोंमध्ये अभ्रक दाबले. हाताचा घाम त्यावर राहू नये म्हणून मी ते आधी दारूने नीट पुसले होते.

मीटर लावला. काटा थरथरला.

"हे कसं गळतंय?" फ्लोरो ओरडला. "पाणी लावलंस का?"

"पाणी कशाला लावीन? दारूने पुसलंय."

"कुठल्या दारूने?"

"आपल्या रामोनाच्या भट्टीच्या."

फ्लोरोने अभ्रक बाहेर काढून जिभेस लावले. "अरे गाढवा! साखर आहे ह्याच्यात! घसा जळू नये म्हणून ती बाई पाक ओतते. सगळं चिकट करून ठेवलंस!"

"आता पुरे करा दोघं!" मायदेलिस कडाडली. तिनेच ते अभ्रक उकळत्या पाण्याने धुतले आणि निखाऱ्यांवर धरून खडखडीत वाळवले.

या खेपेस काटा जागचा हलला नाही. तरीही रिसीव्हर जोडताना माझा हात थबकला. तो जळला असता तर युनिएरला ऐकणारे जगात काहीच उरले नसते.

"जोडा, बाबा."

मी जोडला. धूर निघाला नाही. खरखर आली. फ्लोरो बटण केसाकेसाने फिरवीत राहिला, आणि मग त्या खरखरीतून युनिएर बोलला, "...इंजिन गेलंय... खारफुटीच्या बेटामागे नांगर टाकलाय... कोणी ऐकतंय का?"

फ्लोरो सायकल घेऊन बंदराकडे पळाला. मायदेलिस रिसीव्हरला बिलगली.

"ऐकतेय रे, मूर्खा, ऐकतेय!"

"अगं, ह्यातून त्याला ऐकू जात नाही."

"कळतं मला, बाबा."

युनिएर पुनःपुन्हा तेच विचारीत राहिला. प्रत्येक वेळी त्याचा आवाज अधिक खोल जाई. "गप्प बस आता, बॅटरी संपेल," असे ती त्यास दटावी. आणि तो गप्प झाला की तिचा चेहरा पांढराफटक पडे.

बंदरातून शोधनौका निघाल्याचा भोंगा वाजला, तेव्हा रिसीव्हरमध्ये केवळ खरखर उरली होती. आम्ही दोघे त्या खरखरीला कान लावून उभे राहिलो.