पाच नमो मारियांचा पाक

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या दिवशी, चांगुणाबाईंनी गुळाचा डबा फडक्यात बांधून वरच्या फळीवर चढवला, आणि नेमकी त्यानंतरच त्यांच्या सुनेला, मंजुषाला, गुळाची गरज पडली. आता ईस्टरपर्यंत या घरात गोड नाही. जावई आला तरी नाही, बिशप आले तरी नाही.

गरज पडली ती पुस्तकापायी. नांदेडच्या चर्चमध्ये फादर सोमेश यांनी मागच्या वर्षी कुठूनसं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. चर्चच्या वर्षातला एकेक सण घरच्या चुलीवर कसा साजरा करावा, ते चकचकीत फोटोंसकट त्यात दिलेलं. बायका तुटून पडल्या. पण उपवासकाळातल्या शुक्रवारी सॅल्मन करा म्हणे, आणि सॅल्मन तर नांदेडच्या मासळीबाजारानं बापजन्मात पाहिलेला नाही. ईस्टरला कोकराच्या आकाराचा केक. मंजुषानं तो कुकरमध्ये केला, तर बाहेर आली ती बसलेली म्हैस. तिचा नवरा सत्यम रेल्वेच्या ऑफिसात अजून त्या म्हशीची गोष्ट सांगतो.

"आपलंच पुस्तक काढू की," मंजुषा एका रविवारी म्हणाली, आणि म्हणून बसली ती बसलीच. नांदेड आणि लातूर, फादरांच्या दोन्ही चर्चमधल्या घरांनी एकेक सण वाटून घेतला. शुभ शुक्रवारची ताकातली आंबील आली, तीन राजांच्या सणाचे धपाटे आले, मृतांच्या दिवसाचा दहीभात आला. पानं भरभर भरली. ईस्टरच्या सकाळचं पान तेवढं अडकलं, कारण त्याच्यावर दोघांनी हक्क सांगितला. लातूरची शेवयांची खीर, आणि नांदेडकडून चांगुणाबाईंचा लाह्यांचा लाडू.

हा लाडू देगलूरकडचा. ईस्टरला पहाटे, चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जायच्या आधी, नव्या ज्वारीच्या लाह्या फोडायच्या आणि गुळाच्या पाकात वळायच्या. "कबरीवरचा दगड सरकला तसा दाणा उघडतो," एवढंच चांगुणाबाई त्याबद्दल सांगत. एरवी सासू-सुनेचं मिठापासून मच्छरदाणीपर्यंत कशावर एकमत नव्हतं, पण या लाडवापुढे मंजुषानं हात जोडले होते. आणि तिच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून होती. कॉलेजच्या ऑफिसात ती वर्षाला हजारभर दाखल्यांवर नावं टाइप करायची. सासूचं नाव मात्र रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडून कुठंच छापलेलं नव्हतं. अंगठा उठवणारी बाई. ते नाव पुस्तकात, पानाच्या डोक्यावर, ठळक छापून आलंच पाहिजे असं तिनं ठरवून टाकलं होतं.

फादरांनी तोडगा काढला. उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी, दोन्हीकडचे लोक लातूरला जमतील. त्या दिवशी गोड चालतं. नांदेडनं लातूरची खीर करायची आणि लातूरनं नांदेडचे लाडू, नुसता कागद वाचून. "ज्यानं कागद लिहिला त्यानं तोंड उघडायचं नाही. पुस्तक विकत घेणाऱ्या पोरीच्या घरी तुम्ही थोड्याच जाणार आहात सांगायला?"

मंजुषा वही घेऊन सासूपुढे बसली. ज्वारी किती, पाणी किती, गूळ किती, सगळं वाटीनं मोजून झालं. मग पाक आला.

"आत्याबाई, गुळाला फेस आल्यावर किती वेळ ठेवायचं?"

"पाच नमो मारिया."

"म्हंजे किती मिनिटं?"

"मला काय ठावं? घड्याळ बघून सैपाक करतंय व्हय कुणी?"

सत्यम डबा भरता भरता म्हणाला, "माझ्या लहानपणी तर चारच म्हणायचीस. आन् हे बघ, दोन वर्षं झाली, लाडू कडक होऊन राहिलेत. दाढ हलली माझी."

"गूळ बदललाय," मंजुषा म्हणाली.

"एक वाढवली," चांगुणाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

"मग एकदा करून तर दाखवा."

"गूळ वर हाय. ईस्टरला खाली येतो."

झालं. फळीपुढे कुणाचं काय चालणार? मंजुषानं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर घड्याळ लावलं आणि डोळे मिटून नमो मारियाची प्रार्थना पाच वेळा म्हटली. पन्नास सेकंद. तिनं ते कागदावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि स्वतःवर भलतीच खूश झाली.

चौथ्या रविवारी पहिल्या एसटीनं तिघं लातूरला निघाली. भिजवून फडक्यात बांधलेली ज्वारी चांगुणाबाईंच्या मांडीवर होती. मंजुषानं वाटेत कागद एवढ्या वेळा वाचला की सत्यमला तो पाठ झाला. मिस्साला फादरांनी गुलाबी झगा घातला होता, वर्षातून दोनदाच निघणारा, आणि त्या रंगानंच सगळ्यांना उधाण आलं. मिस्सा संपली तशी मंडळी चर्चमागच्या हॉलमध्ये घुसली. दोन गॅस, दोन कढया, आणि भोवती ही गर्दी.

लातूरकडून उभी राहिली रत्नम्मा. मूळची उदगीरची, दोनशे माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकणारी. खीरही तिचीच. तिचा कागद असा चोख होता की मंजुषानं डोळे झाकून खीर केली असती तरी बिघडली नसती. पाच-सहा जणींनी चाखली आणि माना डोलावल्या. मंजुषानं आपला कागद रत्नम्माच्या हातात दिला.

मग रत्नम्मानं कढई तापवली, ज्वारी टाकली आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबली. क्षणभर काही नाही. मग एक दाणा फुटला, दुसरा फुटला, आणि बोळ्याखालून नुसती आतषबाजी! पांढऱ्याशुभ्र लाह्या कढईबाहेर उडाल्या, ओट्यावर, जमिनीवर, फादरांच्या केसांत. हॉल ओरडला. लातूरच्याच बायका टाळ्या वाजवायला लागल्या. जिंकलं, मंजुषाला वाटलं, आता कोण आपल्याला अडवतंय!

गूळ वितळला. फेस आला. रत्नम्मानं कागद वाचला, घड्याळ पाहिलं, पन्नासाव्या सेकंदाला कढई उतरवली आणि निम्म्या लाह्या ओतल्या. हाताला तूप लावून तिनं पहिला लाडू वळला, ताटात ठेवला.

लाडू बसला. बसला म्हणजे खाली बसला, चहूबाजूंनी. दुसराही तसाच. तिसरा तर हातातच विस्कटला. ताटात ओल्या लाह्यांचा ढीग झाला.

"कागदात होतं तसंच केलं बघा," रत्नम्मा कष्टी होऊन म्हणाली. ती खोटं करणारी बाई नव्हती, हे तर आणखी वाईट. फादरांनी निकाल लिहायला खिशातून पेन काढलं. मंजुषाचे कान तापले. तोंड उघडायचं नाही, हा नियम. तिला रडूच यायला लागलं. आपल्या शहाणपणानं आत्याबाईंचं पान घालवलं!

तेवढ्यात मागच्या बाकावरून चांगुणाबाई उठल्या.

"आजी, नियम आहे," फादर म्हणाले.

"हाव, ऐकला की. ज्यानं कागद लिवला त्यानं बोलायचं न्हाई. कागद हिनं लिवलाय. मला कुठं लिवता येतंय?"

हॉल हसला, फादरही हसले, आणि पेन खिशात गेलं.

चांगुणाबाई सुनेपुढे येऊन उभ्या राहिल्या. "पन्नास शेकंद कुठून आणलंस?"

"तुम्हीच म्हणालात पाच नमो मारिया. मी म्हणून बघितल्या."

"म्हण बघू एक."

मंजुषानं म्हटली. दहा सेकंदांत आमेन.

"अगं बये! मारियामाई काय पळून चालली का?" त्या रत्नम्माकडे वळल्या. "लेकी, दुसरा गूळ टाक. फेस आला की मला सांग."

फेस आला. चांगुणाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणायला लागल्या. शब्दाला शब्द लागणार नाही इतक्या सावकाश. पहिली संपली, आणि आमेन म्हणायच्या आधी त्या थांबल्या. "आमच्या मालकासाठी. भुजंगसाठी." मग आमेन. दुसरी आईबापासाठी. तिसरी थोरल्या लेकासाठी, रुद्रेशसाठी, तो दोन वर्षांचा होऊन गेला. चौथी देगलूरच्या त्या म्हाताऱ्या सिस्टरसाठी, जिनं त्यांना लाह्या फोडायला शिकवलं. गूळ कढईत फुगत होता, रंग गडद होत होता, आणि रत्नम्माचा हात कढईच्या कानाकडे जात होता. आता उतरवायला हवं, हे तिला अनुभवानं कळत होतं. सत्यमच्या लहानपणी इथंच कढई उतरत होती.

चांगुणाबाईंनी पाचवी सुरू केली. तेवढ्याच सावकाश.

"अर्धापूरच्या अयोध्याबाईसाठी. आमेन. उतरव."

मंजुषाला क्षणभर काही कळलंच नाही. अयोध्याबाई म्हणजे तिची आई. केळीच्या मळ्यात जन्म काढलेली, कधी चर्चची पायरी न चढलेली, पोरीच्या या लग्नाला शेवटपर्यंत नाक मुरडणारी. विहिणी-विहिणींचं तर कधीच जमलं नाही. आई जाऊन आता अडीच वर्षं होत आली होती, आणि या घरात तिचं नाव निघत नाही, हे मंजुषानं कडवटपणे मनात धरून ठेवलं होतं.

"आत्याबाई, माझी आई?"

"मग? घरचंच माणूस न्हाई का?" चांगुणाबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "एकदाच आली ईस्टरला. लाडू खाल्ला आन् म्हनली, ह्यो काय लाडू, भुगा हाय निस्ता. लई राग आला व्हता मला." त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. "तिला कडक आवडायचा. आता तिच्या नावाची एक वाढली, तर कडकच व्हतोय."

मंजुषानं तिथंच, सगळ्या लातूरसमोर, सासूच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोकळेपणानं रडली. "लाह्या मिसळ आधी," चांगुणाबाई म्हणाल्या, "पाक थांबत न्हाई." मग ती डोळे पुसत, हसत, रत्नम्माच्या शेजारी उभी राहून लाडू वळायला लागली. लाडू उभे राहिले. खणखणीत, गोल, ताटात वाजणारे. फादरांनी एक चावला आणि गालावर हात ठेवला.

"खीर पंधरा ऑगस्टला टाका, मारियामाईच्या सणाला," रत्नम्मा म्हणाली. "ईस्टर ह्यांचा." तिनं स्वतःसाठी दोन लाडू पदरात बांधले. एक आपल्या अव्वासाठी, आईसाठी, म्हणाली, तीही गेलीय.

मंजुषानं कागद ओढला. पन्नास सेकंदांवर काट मारली आणि लिहिलं: फेस आल्यावर पाच नमो मारिया, प्रत्येकीमागे आपल्या घरच्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, घाई करू नये. वर, डोक्यावर, मोठ्या अक्षरांत: चांगुणाबाई भुजंग सोनटक्के.

चांगुणाबाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे मी?"

"हे तुम्ही."

"चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. मग बोट कागदाच्या तळाशी नेलं. "आन् हितं लिही, लाडू कडक व्हतो. बिघडला न्हाई म्हनावं, तसाच करायचाय."