जोडीतला गडी

माझं डोकं लवकर तापतं. एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढली, तितं मला सगळे भट्टीच म्हणायचे. त्यातले निम्मे राग मला आता आठवतबी न्हाईत. पण श्रीमंतवर रागावलो त्याची अजून लाज वाटते.

आमी दोघं सोलापुरात बाळीवेशीतले, एकाच गल्लीतले. कबड्डीला पोरं जमली की आधी जोड्या पाडायच्या. आताच्या पोरांना हे ठाऊक नसंल. दोन कर्णधार बाजूला उभे राहायचे. बाकीच्यांनी आपापल्या ताकदीचा गडी बघायचा, त्याच्या खांद्यावर हात टाकून जरा लांब जायचं, गुपचूप नावं ठरवायची आणि परत येऊन विचारायचं, आंबा पायजे का पेरू? एकानं आंबा मागितला की पेरू दुसऱ्याचा. कोण आंबा, कोण पेरू ते कर्णधाराला ठाऊक नसायचं. त्यामुळं सगळे दांडगे एकीकडं जायचे न्हाईत आणि शेवटपर्यंत खेळाला चव राहायची.

माझ्या ताकदीचा गडी म्हणजे श्रीमंत. वयाच्या नवव्या वर्षापास्नं तिशीपर्यंत आमची जोडी ठरलेली. म्हणजे बघा, गल्लीतला सगळ्यात जवळचा दोस्त, आणि तो एक डाव तरी माझ्या बाजूनं खेळला असंल का? एकसुद्धा न्हाय. माझा गुडघा त्यानंच फोडायचा आणि हळद लावायला घरी पण त्यानंच न्यायचं.

पुढं टीव्हीवर कबड्डीची लीग आली. तितं पण जोड्याच पाडतात, फक्त मोठ्या थाटात. तीन वर्षांनी सगळे खेळाडू मोकळे करायचे, सगळ्या संघांना सारखाच पैसा द्यायचा आणि लिलाव करायचा, म्हणजे कुणी एकच संघ दादा होऊन बसत न्हाय. लिलाव बघताना श्रीमंत म्हणायचा, हे सूटबूटवाले शेवटी आपल्या गल्लीवरच आले की.

मी पिवळ्यांचा झालो, सातपुडा शूरचा. कारण त्यांच्यात अभिमन्यू होता, आपल्या मोहोळचा पोरगा, काय त्याची चढाई! श्रीमंत लगेच निळ्यांचा झाला, कोकण गरुडचा. निळ्यांत त्याच्या ओळखीचं कुणी न्हाय, कोकण त्यानं जन्मात बघितलं न्हाय. पण मी पिवळा म्हणल्यावर त्याला निळंच पायजे. आमचा एक नियम होता. दोघांचे संघ समोरासमोर आले की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला एक मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, आणि कट. हरणाऱ्यानं उचलायचा न्हाय, नुसतं ऐकून घ्यायचं. त्या एका रिंगेत तो मला काय काय बोलून घ्यायचा ते माझं मला ठाऊक.

माझी बायको मनकर्णा वारली त्याला सहा वर्षं झाली. लेकरूबाळ न्हाय. श्रीमंत पोराकडं जुळे सोलापूरला राहायला गेला आणि गल्लीत मी उरलो. दिवसभर तोंड उघडायचं म्हणजे दूधवाल्याशी, ते पण दूध पातळ असलं तरच. मला लई एकटं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

अशात तीन वर्षांचा लिलाव आला आणि अभिमन्यूला निळ्यांनी उचललं. दोन दिवस मला घास गोड लागला न्हाय. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, अरे, मग आपण पण निळे होऊ की! अभिमन्यू बी सुटणार न्हाय आणि श्रीमंतच्या शेजारी बसून दोघांनी मिळून एकाच संघासाठी ओरडायचं. साठ वर्षांत जे झालं न्हाय ते आता होईल. मी नवीन निळी टोपी घेतली, पावशेर पेढे घेतले आणि रिक्षानं आसरा चौकातनं त्याच्या दारात हजर झालो. वाटलं, गडी मिठी मारंल.

त्यानं माझी टोपी बघितली आणि म्हणाला, "गुरू, ती टोपी काढ. जोडीतला गडी आपल्याच बाजूला आला तर मी खेळू कुणाशी?"

झालं, भट्टी पेटली. म्हणलं, जन्मभर माझ्या उलट उभा राहिलास, आता या वयात शेजारी बसायला आलो तर हाकलतोस व्हय? त्याची सून प्रतिक्षा पाणी घेऊन आलती, ती तशीच उभी राहिली. तिच्यासमोर मी त्याला म्हणलं, "माझ्या घरात बोलायला माणूस न्हाय आणि तुला खेळाचं पडलंय. यापुढं मला तुझी गरज न्हाय." पेढे तितंच टाकून निघून आलो.

मग वर्षभर बोलणं बंद. मी निळी टोपी घालून एकटाच सामने बघायचो. अभिमन्यूनं गडी टिपले की 'बघितलंस का' म्हणून तोंडात यायचं, पण समोर भिंत. भिंतीशी काय भांडणार? कडक भाकरी, शेंगाचटणी, टीव्ही, आणि झोप.

त्या मोसमात एकदा निळे आणि पिवळे समोरासमोर आले आणि आमचे निळे हरले. पाच मिनिटांनी फोन वाजला. एक रिंग, आणि कट. बघतो तर श्रीमंतचा नंबर. मला काय कळंना. निळे हरले म्हणजे त्याचाच संघ हरला, मग हा कशाला कॉल देतोय? म्हणलं, खिशात फोन दाबला गेला असंल. हात एकदा फोनकडं गेलता, पण मी उलट लावला न्हाय. लावला असता तर माझं काय झिजलं असतं?

दिवाळीनंतर प्रतिक्षाचा फोन आला. म्हणाली, काका, आप्पांना लकवा मारलाय, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तुमी येऊन जावा. मी पायात चप्पल कुठली घातली तेबी बघितलं न्हाय. पोचलो तेव्हा कळलं, दोन्ही वेगवेगळ्या.

श्रीमंत खिडकीपाशी खुर्चीत बसलेला. निम्मा झालता. अंगावर शाल, आणि शालीवर पिवळाधमक टॉवेल, त्यावर सातपुडा शूरचं चित्र. मी प्रतिक्षाला विचारलं, हा पिवळा टॉवेल कुणाचा?

"आप्पांचाच की," ती म्हणाली. "तुमी भांडून गेलात, दुसऱ्या दिवशी यांना पाठवून आणायला लावला. म्हणाले, गुरू तिकडं गेला, आता पिवळ्यांत कुणीतरी थांबाया पायजे. वर्षभर पिवळ्यांसाठीच ओरडत होते. एकदा जिंकले तेव्हा तुमाला कॉल दिला, आणि मग कितीतरी वेळ फोन हातातच धरून बसले."

मला बसायला जागा सापडंना. मी खाली फरशीवरच बसलो, त्याच्या पायापाशी. त्याला सांगितलं, तुझा कॉल आलता रे, मला वाटलं चुकून लागला. म्हणलं, चुकलं माझं, मी मूर्ख हाय. तो बोलू शकत नव्हता, डोळे मात्र तेच. त्यानं डावा हात उचलला आणि हळूहळू माझ्या खांद्यावर टाकला. जोडी करून लांब जाताना टाकायचा, तसाच. आता आंबा का पेरू विचारायला कुणी कर्णधारच उरला नव्हता. मी रडलो, सुनेसमोर रडलो.

निघताना मी निळी टोपी टाकून देतो म्हणलं, तर त्यानं नको नको म्हणून जोरजोरात मान हलवली. ठीक हाय, म्हणलं, मी निळा, तू पिवळा. प्रतिक्षानं त्याच्या फोनवर सगळ्यात वर माझं नाव घालून दिलं. आणि आठ दिवसांत त्याच्या पोराची, सिद्धांतची, पुण्याला बदली झाली. बिऱ्हाड हाललं, त्यात श्रीमंत पण गेला.

आता माझी पंचाईत बघा. त्याचा कॉल यायचा तर पिवळे जिंकायला पायजेत, म्हणजे माझे निळे हरायला पायजेत. आणि या नव्या मोसमात माझे निळे हरायचं नाव घेईनात! अभिमन्यू असा काय सुटलाय की धरायला कुणी न्हाय. पिवळ्यांशी परत सामना झाला, तोबी निळ्यांनीच मारला. नियम म्हणून मी पुण्याला मिस्ड कॉल दिला, एक रिंग, कट. पण मला तो द्यायचा नव्हता, मला घ्यायचा होता. सारखी ताकद वाटून दिलीय म्हणता, मग एकदा हरा की लेकाच्यांनो!

अंतिम सामन्यात समोर आले ते निळे आणि पिवळेच. त्या संध्याकाळी मी देव पाण्यात घालून बसलो. टोपी निळी आणि मागणं काय, तर निळे पडू देत. असला चाहता कुणी बघितला न्हाय. शेवटच्या मिनिटाला पिवळे एका गुणानं पुढं आणि अभिमन्यू चढाईला आला. आपल्या मोहोळचा पोरगा, ज्याच्यासाठी हे सगळं झालं. मी हात जोडून टीव्हीला म्हणलं, "बाळा, आज पड. एवढा एकदा पड."

पिवळ्यांच्या दोघांनी त्याचा घोटा धरला. रेषेपास्नं त्याचा हात वीतभर राहिला. पिवळे जिंकले.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन समोर ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाटलं, झोपला असंल. औषधं चालू हाईत. सुनेनं टीव्ही लावला नसंल. अंगठ्याला जमलं नसंल.

मग फोन वाजला. श्रीमंत. एक रिंग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. त्याला कापायला जमत नव्हतं. नाव दाबण्यापुरतं बोट चाललं असंल, पुढं न्हाय. हरलेल्यानं उचलायचा नसतो, तसा मी उचलला न्हाय. टोपी मांडीवर घेऊन शेवटच्या रिंगेपर्यंत ऐकत बसलो.