खडीसाखर विरघळेपर्यंत

"अगो शांते, पँट घालून बसलीस का काय मासली इकायला?"

ठमाबाईच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शांतीनं साडी रोजच्यासारखीच नेसली होती. पण सुरमई कापायला पाट पुढे ओढताना साडी घोट्याच्या वर सरकली आणि खालून निळी पँट डोकावली.

"चार वाजता परीक्षा हाय माजी, रोडपालीला," शांती सुरमईवरची नजर न काढता म्हणाली. "घरी जाऊन कपडं बदलायला टाइम कुठं हाय? रविवार हाय आज."

"म्हंजे वरून कोळीण आन आतून अंपायर!"

सगळी रांग हसली. शांतीही हसली, आणि तिच्या हसण्यानं समोरचं गिऱ्हाईक दचकलं. पनवेलच्या मासळी बाजारात शांतीच्या आवाजाची ख्याती होती. तिनं "पापलेट ताजी" अशी आरोळी दिली की बाहेर रिक्षा लावणारे लोक आधी आत यायचे आणि मग पिशवी विसरल्याचं त्यांच्या लक्षात यायचं. शेजारच्या पाटावर बसणारी ठमाबाई तिची चुलत सासू. वीस वर्षं तो आवाज उजव्या कानाशी ऐकल्यामुळे आपल्याला त्या बाजूनं कमी ऐकू येतं, असं ती सर्वांना सांगायची.

अशा बाईनं सॉफ्टबॉलची अंपायर व्हायचं मनावर घ्यावं, याला कारण तिची मुलगी रिया. रिया शाळेपासून खेळायची. बाजार आटोपला की शांती डबा घेऊन रोडपालीच्या मैदानावर जायची आणि पायरीवर बसून ओरडायची. सुरुवातीला कशासाठी ओरडायचं हेही तिला कळत नव्हतं. हळूहळू कळू लागलं, आणि मग पायरीवरच्या वडीलमंडळींना ती नियम समजावून सांगू लागली. गेल्या वर्षी रिया नर्सिंग शिकायला नाशिकला गेली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी शांती सवयीनं चार भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं घेऊन मैदानावर पोहोचली, आणि डबा उघडल्यावर तिच्या ध्यानात आलं की खाणारं कोणी नाही. तिला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या मुली खेळत होत्या, त्या बघत बघत तिनं चारही भाकऱ्या एकटीनं संपवल्या.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. शेवटी उदयसिंह सर तिच्याजवळ आले. ते शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, जिल्ह्यातल्या अंपायरांचा वर्ग तेच घ्यायचे.

"शांताबाई, येताच आहात तर कामाला लागा. माझ्याकडे अंपायर कमी आहेत."

"मी? सर, आठवी पास हाय मी."

"चेंडू आधी आला की पाय आधी लागला, एवढंच बघायचंय. त्याला आठवी पुष्कळ झाली."

एवढंच नव्हतं, हे तिला वर्गात कळलं. हात आडवे पसरून तळवे जमिनीकडे केले की सेफ, उजवी मूठ वर गेली की आऊट. या खुणा ती पाटावर बसूनच घोटायची, आणि ती कावळे हाकलतेय असं ठमाबाईला वाटायचं. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, आणि फटका मारणारीनं ते ओळीनं पायानं शिवत चौथ्यावर, म्हणजे होमवर, पोहोचलं की एक धाव. पहिल्या बेसवर निर्णय द्यायचा तर डोळे धावणारीच्या पायावर ठेवायचे आणि कान ग्लोव्हकडे, कारण पाय आणि चेंडू दोन्ही एकदम बघता येत नाहीत. पाय बघायचा, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज ऐकायचा. बाकीचे शिकाऊ अंपायर यात महिनाभर गोंधळले. शांतीला ते पहिल्या दिवशीच जमलं. नजर कोयत्यावर आणि कान गिऱ्हाइकावर, हेच तर ती जन्मभर करत आली होती.

तिचं घोडं अडलं ते तोंडापाशी. "बघा, थांबा, मग बोला," असं सर घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. शांती बघायची आणि बोलायची. मधलं थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मार्चमधल्या परीक्षेत तर कहर झाला. धावणाऱ्या मुलीचा पाय बेसला लागलाच नाही, तशीच ती पुढे पळाली. बेस अंपायर शांती कमरेवर हात ठेवून गरजली, "अगो, बेस चुकली ती! पकरा तिला, पकरा!"

मैदान हसून लोळलं. सरांनी मात्र कागदावर 'नापास' लिहिलं.

"बेस चुकला तर अंपायरनं गप्प राहायचं असतं," ते म्हणाले. "समोरच्या संघानं अपील केलं तरच निर्णय द्यायचा. अपील नाही तर धाव मोजायची."

"डोळ्यादेखत चोरी झाली तरी गप बसायचं? आमच्या बाजारात कोनाच्या टोपलीत हात गेला तर अख्खी रांग ओरडते, सर."

"ओरडू दे. पण इथे स्वतःची टोपली ज्यानं त्यानं राखायची. तुम्ही एका संघाला सांगितलंत की त्या क्षणी तुम्ही त्यांच्या झालात. मग दुसऱ्यांनी कोणाकडे बघायचं?"

त्या रात्री शांतीनं हे सगळं रियाला फोनवर सांगितलं.

आज दुसरी आणि शेवटची संधी होती. यंदा नापास झाली तर पुढची परीक्षा दोन वर्षांनी. लोकांना हे खूळ वाटे, पण शांतीच्या जिवाला ते फार लागलं होतं. बाजारात ती सगळ्यांची "ए मावशी" होती. कोणीही यावं, मासा दाबून बघावा आणि नाक मुरडून पुढे जावं. मैदानावर कमरेत जराशी वाकून ती उभी राहिली की मुली तिला "मॅडम" म्हणत, आणि तिच्या हाताकडे बघत थांबत. शिवाय रिया गेल्यापासून रविवारची दुपार तिला खायला उठायची. पायरीवर बसून राहण्यापेक्षा मैदानात उभं राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

दीड वाजता रियाचा फोन आला. "आई, घेतलीस ना?"

"घेतली गो बाय. बांधून घेतली पदराला."

खडीसाखर. ही युक्ती रियाची. कठीण वेळ आली की एक खडा जिभेवर ठेवायचा आणि तो विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"चावायची नाही हं आई. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," शांती म्हणाली आणि उरलेले बोंबील ठमाबाईच्या स्वाधीन करून उठली.

चार वाजता रोडपालीच्या मैदानावर साडी पिशवीत गेली होती आणि निळ्या शर्टातली शांती दुसऱ्या बेसजवळ उभी होती. खडीसाखर खिशात होती. पिवळ्या आणि लाल संघांची मॅच. उदयसिंह सर बाहेर खुर्ची टाकून, मांडीवर कागद घेऊन बसले होते. पहिल्या सहा इनिंगमध्ये शांतीनं एकही चूक केली नाही. दोनदा मूठ वर गेली, चारदा हात पसरले, आणि प्रत्येक वेळी आधी ती एक श्वास थांबली. सर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. काय लिहितात ते दिसत नव्हतं, आणि तिनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

सातवी, शेवटची इनिंग. दोन्ही संघ बरोबरीत, पिवळ्यांचे दोन गडी बाद. पहिल्या बेसवर पिवळ्यांची प्रांजल उभी. उंच, लांब ढांगा टाकत पळणारी, आणि आपण भरधाव पळतो हे पुरतं ठाऊक असलेली मुलगी. शांतीनं मोठ्यातला मोठा खडा निवडून जिभेवर ठेवला.

चेंडू बॅटवर खणकला आणि लांब मैदानाच्या टोकाला गेला. प्रांजल सुटली. दुसऱ्या बेसपाशी वळण तोडायला ती आतून गेली, आणि तिचा बूट बेसच्या अलीकडे मातीत पडला. वीतभर अलीकडे. शांतीला ते लख्ख दिसलं. प्रांजलनं तिसरा बेस गाठला, होमवर उडी घेतली, आणि पिवळ्या मुली किंचाळत तिच्या अंगावर पडल्या. मॅच जिंकली होती.

शांतीच्या पोटातून शब्द उसळून वर आले. "अगो, चुकली ती" इथपर्यंत ते घशात पोहोचले, तिथे त्यांना खडीसाखर आडवी आली. तिनं ओठ घट्ट मिटले.

नियम असा होता की लाल संघाच्या मुली मैदानाच्या रेषेबाहेर जाईपर्यंत अपील करता येतं. तोवर अंपायरनं जागा सोडायची नाही, आणि बेसकडे टक लावूनही बघायचं नाही, कारण तीही सूचनाच. म्हणून शांती दूर हायवेकडे बघत राहिली. एक टँकर गेला. दोन टेंपो गेले. लाल संघाच्या मुली मान खाली घालून बाहेर निघाल्या. बघा गो, तिचं मन ओरडत होतं, मातीत खूण हाय, बघा की! जिभेवरचा खडा बारीक होत होता. तो वाटाण्याएवढा झाला, मग तांदळाएवढा झाला, आणि मग नुसतं गोड पाणी उरलं. शांतीनं जीभ दातांत धरली.

बाहेर पडणाऱ्यांत शेवटी मिताली होती. दुसऱ्या बेसवर खेळणारी, जाड चष्म्याची मुलगी. तिचा आवाज तिच्याच संघात कोणी कधी ऐकला नव्हता. रेषेच्या बरीच अलीकडे ती थांबली, मागे वळून बेसकडे बघत राहिली.

"चल ना ग," तिची कॅप्टन म्हणाली. "हरलो आपण."

मिताली चार पावलं पुढे गेली, पण रेषेच्या आतल्या आत. मग परत आली. शांतीसमोर उभी राहून ती आपल्या बुटांशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटली. शांतीला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिनं भुवयाही हलवल्या नाहीत, नुसता कान पुढे केला.

मितालीनं चष्मा वर सरकवला. "मॅडम, अपील आहे," ती म्हणाली, या वेळी ऐकू येईल असं. "प्रांजलनं सेकंड बेसला पाय लावला नाही."

शांतीनं एक श्वास घेतला. मग तिची मूठ वर गेली आणि इतका वेळ कोंडून ठेवलेला आवाज एकदम सुटला.

"आऊट!"

मैदानाच्या टोकाला झोपलेली दोन कुत्री उठून पळाली. तिसरा गडी बाद म्हणून डाव संपला, धाव रद्द, मॅच पुन्हा बरोबरीत. मितालीला तिच्या मैत्रिणींनी उचलूनच घेतलं. प्रांजल लालबुंद होऊन धावत आली.

"मॅडम, मी टच केला होता!"

"बूट अलीकडं पडला बाय," शांती हळूच म्हणाली. "वीतभर."

प्रांजलनं तोंड उघडलं, बेसकडे बघितलं, आणि मिटलं. बरोबरीमुळे झालेल्या जादा इनिंगमध्ये पिवळा संघच जिंकला. त्या खेपेला प्रांजलनं प्रत्येक बेसवर थांबून दोन्ही पाय धपाधप आपटले आणि प्रत्येक वेळी शांतीकडे बघितलं. पायऱ्यांवर हशा पिकला. शांतीनं मोठ्या कष्टानं चेहरा सरळ ठेवला.

सर कागद घेऊन आले. "केव्हा दिसलं होतं?"

"तवाच."

"गप्प कशा राहिलात?"

"खडीसाखर व्हती तोंडात. ती संपली, मग जीभ चावली." तिनं जीभ बाहेर काढून दाखवली.

"आणि मितालीनं विचारलंच नसतं तर?"

शांतीनं खरंच विचार केला. "तर घरी जाऊन उशी फाडली असती, सर. पन बोलले नसते."

सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी सही केली, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "जानेवारीत जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. लवकर या, शांती मॅडम."

पायरीवर ठमाबाई रिकाम्या टोपल्या शेजारी ठेवून बसली होती. "तुजी पँट बघायला आले," ती म्हणाली, पण बाजार आवरून, रिक्षा करून ती एवढ्या लांब आली होती, आणि शांतीसाठी डबाही घेऊन आली होती. तेवढ्यात रियाचा व्हिडिओ कॉल आला. शांतीनं फोन ठमाबाईच्या हातात धरायला दिला.

"आई! काय झालं? सांग ना!"

शांतीनं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. चार भाकऱ्यांचा तो रविवार एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे आला.

"आई? अगं, खडीसाखर आहे का अजून तोंडात?"

शांतीनं नकारार्थी मान हलवली. मग ती तीन पावलं मागे गेली, आपण सबंध फोनमध्ये मावू इतकी, कमरेत जराशी वाकली आणि दोन्ही हात आडवे पसरून तिनं तळवे जमिनीकडे केले.

नाशिकहून अशी किंकाळी आली की ठमाबाईच्या हातून फोन निसटता निसटता राहिला. मुलगी आईवर गेली होती, यात शंका नको.

"काय झाला गो हिला?" ठमाबाई इकडेतिकडे बघत म्हणाली. "हितं कुठं हायत कावळं?"

 शांतीचे हात बराच वेळ तसेच पसरलेले राहिले.