दोन कडव्यांचा वेळ

साहेब, माझ्या बहिणीचे डोळे तुम्ही घालवलेत. अपघात म्हणू नका. अपघाताला तोंड नसतं. "सगळं ओत" म्हणायला तोंड लागतं, आणि ते तुमचं होतं.

मी लक्ष्मण. आपल्या या बेटावर, प्लेन मान्येन गावच्या विमानतळावर सामान चढवतो. शाळा सहावीत सुटली. रसायनं मला विद्यावतीने शिकवली, भांडी घासता घासता. "दादा, हवेतला ऑक्सिजन सुस्त असतो. डिवचला की क्षणभर चवताळतो. त्याला सिंगलेट म्हणतात. एरवी डिवचायला दिव्याचा झोत लागतो. मला तो दिव्याशिवाय हवाय, नुसत्या बाटलीतून."

बाटली पेरॉक्साईडची. ती कामाला होती त्या तुमच्या क्युरपिपच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायला मॉलिब्डेट नावाची पांढरी पूड होती. ती चिमूटभर टाकली की पेरॉक्साईडमधून तो चवताळलेला ऑक्सिजन सुटतो, आणि सिट्रोनेला गवताच्या तेलातून गुलाबाच्या वासाचं अत्तर निघू शकतं. पण पेरॉक्साईड एकदम ओतलं तर पाणी विटकरी होतं, तापतं, आणि पाहिजे तो ऑक्सिजन जेमतेम मिळतो. म्हणून ती घोटाघोटाने ओतायची. विटकरी रंग उतरून पिवळा झाला की पुढचा घोट. सव्वा वर्ष तिने एवढंच शोधलं: घोट केवढा, थांबायचं किती.

मोजणार कशाने? स्टॉपवॉच तुमच्या कपाटात, कुलूपबंद. मग तिने झाकरीचं गाणं धरलं. गणपतीत आमची माणसं ते पायाच्या ठेक्यावर म्हणतात. आजीच्या वेळेपासून चाल न् लय तसूभर हललेली नाही. वहीत तिने लिहिलं, "पुढचा घोट दोन कडव्यांनंतर."

तुम्ही हसलात. "विद्यावती, ही प्रयोगशाळा आहे की देऊळ?"

"घड्याळ द्या सर, लगेच गप्प बसते."

दिलं नाहीत.

शहाऐंशीच्या ऑगस्टात परदेशी पाहुणे आले. त्यांना जेवायची घाई. ती तिसऱ्या घोटाला थांबलेली, ओठांतल्या ओठांत कडवी पुटपुटत.

"देपेशे!" तुम्ही ओरडलात. "लवकर! सगळं ओत."

"सर, रंग उतरू दे."

"मी सांगतोय ना!"

तिने ओतलं. फेस उसळून तोंडावर आला. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड तेवढा कळतो. पिवळं, विटकरी काही नाही.

चौकशीत तुम्ही तिचीच वही पुढे केलीत. कामावर गाणी म्हणत होती, निष्काळजी बाई. शिक्का बसला, ती घरी बसली. आता शेजारी कोणी झाकरी गुणगुणलं तरी कानांवर हात ठेवते.

"बाय, गणपतीला तरी चल."

"नको दादा. गाण्यानेच घात केला माझा."

तिला ते खरं वाटायला लागलंय, साहेब. डोळ्यांपेक्षा मला याचंच जास्त लागतं.

गेल्या महिन्यात तुमचा छापील अहवाल हाती आला. नाव तुमच्या एकट्याचं. शब्दकोश घेऊन आठ दिवस वाचला. पेरॉक्साईड घोटाघोटाने ओतावं, असं आता तुम्ही सांगता. दोन घोटांमधलं अंतर: तीन मिनिटं बेचाळीस सेकंद.

मी विमानतळाच्या मोठ्या घड्याळाखाली उभा राहिलो, पायाने ठेका धरला आणि दोन कडवी म्हटली. हमाल हसले. "लक्ष्मण, विमान नाचवतोस काय?"

तीन बेचाळीस.

वही तुमच्याकडे. वहीत आकडा नाही, नुसती कडवी. मग गाण्याने घात होतो म्हणणाऱ्या साहेबांनी हातात स्टॉपवॉच धरून ती कडवी कोणाकडून गाऊन घेतली? उत्तर द्या. मला नको. विद्यावतीच्या समोर बसा आणि तिला द्या.